परळमध्ये डम्पलिंग-नूडल्सचं छोटं हॉटेल सुरू करताना: कागद, पाणी आणि पारी

मुंबईत 'चायनीज' म्हटलं की कोपऱ्यावरची गाडी, शेजवान, ट्रिपल राईस आणि मंचुरियन डोळ्यांपुढे येतं. चिकन मंचुरियन मुंबईतच, १९७५ च्या सुमारास, नेल्सन वांग यांच्या हातून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात जन्मलं असं मानतात. या शहरात चिनी वस्ती त्याहून बरीच जुनी आहे. माझगावचं सी यूप कून मंदिर १९१९ सालचं. तरीही उकडलेली, वाफवलेली डम्पलिंग (पिठाच्या पारीत सारण भरून मोदकासारखी बंद केलेली) आणि ताज्या पिठाच्या नूडल्स मिळतील असं मध्यमवर्गीय वस्तीतलं हॉटेल शोधायला वेळ लागतो. परळमध्ये असं एक छोटं हॉटेल २०२४ मध्ये सुरू केलं. जानेवारीत तयारीला हात घातला आणि ऑगस्टमध्ये पहिली प्लेट विकली. या वाटेने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहीत आहोत. फी आणि नियम २०२४ मधले आहेत, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा पुन्हा पाहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: आधी मेनू, मग गाळा, मग कागद. बहुतेक जण स्वस्तात गाळा मिळाला म्हणून तो घेतात आणि मेनू नंतर ठरवतात. डम्पलिंगच्या धंद्यात हे जड जातं, कारण हे स्वयंपाकघर तेलावर नाही, पाण्यावर चालतं. दिवसभर दोन मोठी पातेली उकळत असतात आणि वाफेच्या टोपल्या चढत-उतरत असतात. पाणी किती, निचरा कुठे, वाफ बाहेर कशी जाणार, गॅस किती लागणार, हे सगळं मेनू ठरवतो. परवान्यासाठी जो नकाशा द्यावा लागतो तोही त्यावरूनच काढायचा असतो. जानेवारी महिना आम्ही फक्त यावर घालवला: चार प्रकारची डम्पलिंग, तीन प्रकारच्या नूडल्स, एक सूप. फ्राइड राईस ठेवायचा नाही हे तेव्हाच ठरवलं. त्यामुळे जोरात पेटणारी चायनीज रेंज (शेगडी), तिचा धूर आणि तो बाहेर नेणारा मोठा डक्ट हे तिन्ही खर्च गळले.

गाळा बघताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये गाळे पाहिले. परळमध्ये पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तोही पावसाळ्यातल्या. हिंदमाताच्या परिसरात जोराच्या पावसात पाणी साचतं हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. गाळ्याचं जोतं रस्त्यापेक्षा किती वर आहे ते बघा आणि शेजारच्या दुकानदाराला सरळ विचारा की २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मैद्याची पोती आणि डीप फ्रीझरची मोटर त्या रेषेच्या वर राहायला हवी.

दुसरं, जागेचा मंजूर वापर व्यापारी आहे का. निवासी खोलीचं दुकान केलेलं असेल तर पुढचा एकही अर्ज नीट सरकत नाही. तिसरं, पोटमाळा. गाळ्यात माळा असेल तर तो मंजूर नकाशात आहे का हे मालकाकडे कागदावर मागा. लोअर परळच्या कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांचा जीव गेला. आगीच्या तपासणीसाठी येणारा माणूस मागची वाट मोकळी आहे का, माळ्यावर सामान कोंबलंय का, हे पाहणारच, आणि त्याने ते पाहायलाच हवं. चौथं, इमारतीची परवानगी. वाफेचा डक्ट इमारतीच्या मागच्या भिंतीवरून वर न्यावा लागतो. सोसायटीचं किंवा मालकाचं ना हरकत पत्र करारावर सही करण्याआधी हातात घ्या. सही झाल्यावर ते मिळवणं फार कठीण होतं.

पागडीच्या जागेत आणखी एक कागद लागतो. भाडेकरू तुम्हाला जागा देत असेल, तर मूळ मालकाची लेखी संमती हवीच.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात लीव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला. मुद्रांक शुल्काचा हिशेब दलालावर सोडू नका, तो सोपा आहे. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दरसाल १० टक्क्यांनी येणारं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा महिना ८०,००० भाडं, ३६ महिने आणि ५ लाख अनामत. भाडं २८,८०,००० होतं, व्याज १,५०,०००. एकूण ३०,३०,००० वर शुल्क येतं ७,५७५ रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. करारात 'उपाहारगृहासाठी' असा वापर स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'व्यवसायासाठी' लिहिलं तर पुढे पुरवणी करार करायची वेळ येते.

कागदांची साखळी

प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. म्हणून सगळ्या अर्जांवर हॉटेलचं नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. करारात 'दुकान क्र. ३' आणि वीजबिलात 'गाळा ३' असं असेल तर त्यावर शेरा पडतो आणि आठवडा जातो. आम्ही पत्ता एकदाच एका कागदावर लिहिला आणि सगळीकडे तोच उतरवला.

गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंद, सर्वात सोपा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार तेव्हा १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती, नमुना 'एफ' मध्ये. तिची पावती घेऊन बँकेत चालू खातं उघडलं. याच टप्प्यावर पाटी करायला टाका. नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि ती अक्षरं दुसऱ्या कोणत्याही लिपीपेक्षा लहान नकोत. हा नियम छोट्या दुकानांनाही लागू आहे.

अन्न परवान्यासाठी 'फॉसकॉस' पोर्टल आहे. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर १०० रुपये वार्षिक फीची साधी नोंदणी पुरत होती. त्यावर २० कोटींपर्यंत राज्य परवाना, आणि उपाहारगृहाला वर्षाला २,००० रुपये. वीस खुर्च्यांचं हॉटेलही १२ लाख सहज ओलांडतं, कारण महिन्याला एक लाख म्हणजे दिवसाला साडेतीन हजारही नाहीत. म्हणून आम्ही सुरुवातीलाच राज्य परवाना घेतला. अर्जासोबत स्वयंपाकघराचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, जागेचा पुरावा. पाण्याचा नमुना स्वयंपाकघरातल्या नळाचा द्या, इमारतीच्या टाकीचा नाही. टाकीतून नळापर्यंतच्या जुन्या पाइपातच बहुधा दोष असतो.

नकाशात कच्च्या मांसाचं टेबल आणि पारी लाटायचं टेबल वेगळं दाखवा आणि प्रत्यक्षातही वेगळं ठेवा. व्हेज आणि नॉनव्हेजचे बोर्ड, सुऱ्या, वाफेच्या टोपल्या वेगवेगळ्या. सगळ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी दर वर्षी, टायफॉइडच्या लसीसह. प्रत्येक २५ कामगारांमागे एक जण 'फॉस्टॅक' हे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला हवा. छोट्या हॉटेलात तो मालकानेच घ्यावा, कारण आचारी सोडून गेला की प्रमाणपत्रही त्याच्यासोबत जातं. उपाहारगृहासाठीचा जांभळा फलक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा, आणि १४ अंकी परवाना क्रमांक प्रत्येक बिलावर छापायचा.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३९४ खालचा आरोग्य परवाना विभाग कार्यालयातून मिळतो, परळसाठी एफ दक्षिण. त्या मे महिन्यात मुंबईत लोकसभेचं मतदान २० तारखेला होतं आणि पालिकेचे बरेच कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते, त्यामुळे पाहणी जूनवर गेली. तारखा आखताना निवडणूक आणि पावसाळापूर्व कामं कॅलेंडरवर आधी खुणवा. या वाट पाहण्याच्या काळात भाडं चालूच असतं. म्हणून करार करतानाच दोन महिने बिनभाड्याचे किंवा निम्म्या भाड्याचे मागून घ्या. मालकांना ही मागणी नवी नसते.

आगीबाबत: परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवून नमुना 'अ' (ती बसवल्याचा दाखला), आणि नंतर दर जानेवारी-जुलैला नमुना 'ब' (ती चालू स्थितीत असल्याचा दाखला). १९ किलोचे सिलिंडर वापरत असाल तर एकूण साठा १०० किलोच्या आत ठेवा, म्हणजे भरलेले-रिकामे धरून पाचपेक्षा जास्त नकोत. त्या वर्षी मुंबईत एक सिलिंडर साधारण १,६०० ते १,८०० रुपयांना पडत होता. पाइपचा गॅस गल्लीत आला असेल तर अर्ज पहिल्याच दिवशी करा, मात्र सिलिंडरवर सुरू करायची तयारी ठेवा.

वाफेच्या डक्टबद्दल कंत्राटदारही नीट सांगत नाहीत. तेलाच्या धुरासाठीचा डक्ट वाफेला तसाच लावला तर वाफ आत गार होऊन पाणी धरते आणि ते थेट पातेल्यात ठिबकतं. पातेल्यांवरच्या हुडच्या (वाफ ओढणाऱ्या झाकणाच्या) कडेला आतून पन्हळ आणि तिला निचऱ्याची नळी हवी. आडव्या भागाला उतार हुडकडे नव्हे, नळीकडे द्यायचा.

जीएसटीत उपाहारगृहाला ५ टक्के, खरेदीवरचा परतावा नाही. म्हणजे यंत्रांवर भरलेला कर खर्चातच धरा. घरपोच ॲपवरून येणाऱ्या ऑर्डरींचा कर १ जानेवारी २०२२ पासून ॲपच भरतं, त्या विक्रीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये विसरले जातात.

पारी आणि सारण

जुलैमध्ये चाचण्या केल्या, आणि त्या पावसाळ्यात केल्या हे फार बरं झालं. मुंबईच्या जुलैत जमतं ते वर्षभर जमतं.

उकडायच्या डम्पलिंगसाठी १ किलो मैदा, ४८० ते ५०० ग्रॅम थंड पाणी, १० ग्रॅम मीठ. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल धरतो, तेव्हा पाणी ४६० वर आणा. मळलं की झाकून अर्धा तास, पुन्हा तिंबून अर्धा तास. न मुरलेली कणीक लाटली की मागे येते आणि पारी जाड राहते. ९ ग्रॅमची लाटी, ८ सेंटिमीटरची पारी, कड पातळ आणि मध्य जाड. एका किलोत साधारण १६० होतात. वाफवायच्या किंवा तव्यावर परतायच्या डम्पलिंगला गरम पाण्याची कणीक: १ किलो मैद्याला ६५० ग्रॅम उकळतं पाणी. उकळत्या पाण्याने मैद्यातला स्टार्च शिजतो आणि जास्त पाणी धरतो, ग्लुटेनचा ताण कमी होतो, म्हणून पारी मऊ राहते. हीच कणीक पाण्यात उकडली तर फाटते. दोन्ही कणकांचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवा.

चुण्या घालण्यासाठी आम्ही आसपासच्या बायकांना कामावर घेतलं. उकडीच्या मोदकाला पाकळ्या काढणारा हात डम्पलिंगला चटकन सरावतो. मात्र मैद्याची पारी उकडीपेक्षा जास्त ताणते, एवढाच फरक शिकवावा लागतो. वेग येईपर्यंत ताशी संख्या मागू नका. कड नीट न दाबलेलं एक डम्पलिंग फुटलं की अख्खं पातेलं गढूळ होतं.

चिकनचं सारण, १६० नगांना: मांडीच्या मांसाचा खिमा १.३ किलो, चिकनची चरबी १०० ग्रॅम, कोबी ९०० ग्रॅम, आल्याचं आणि पातीच्या कांद्याचं पाणी २०० ग्रॅम, लाइट सोया ४० मिली, तिळाचं तेल ४० ग्रॅम, मीठ १२ ग्रॅम, पांढरी मिरी ४ ग्रॅम. छातीचं मांस घेऊ नका, ते कोरडं आणि भुसभुशीत होतं. मूळ पाककृतीत डुकराच्या चरबीने जी रसाळ चव येते ती इथे चिकनच्या चरबीने आणि आल्याच्या पाण्याने आणायची असते. पाणी तीन वेळा थोडं थोडं घालून एकाच दिशेने फेटा, खिमा चिकट होऊन पाणी धरेपर्यंत. कोबी बारीक चिरून १४ ग्रॅम मीठ लावून वीस मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. ९०० चे साधारण ६०० उरले पाहिजेत. हे पिळणं कमी पडलं की सारण पाणी सोडतं आणि पारी खालून फाटते. खिमा सतत ५ अंशांखाली हवा. वाटी एकदम भरून टेबलावर ठेवू नका, अर्धा किलोच बाहेर काढा.

व्हेज सारण जास्त अवघड, कारण त्याला बांधणारं काही नसतं. कोबी पिळून ८०० ग्रॅम, कुस्करून कोरडं परतलेलं टोफू ४०० ग्रॅम, पाणी आटेपर्यंत परतलेले मशरूम ३०० ग्रॅम, गाजर २५० ग्रॅम, भिजवून चिरलेल्या मुगाच्या पारदर्शक शेवया ३०० ग्रॅम. भाज्यांना आधी तेल चोळायचं, मीठ आणि सोया भरण्याच्या अगदी आधी घालायचं. शेवया उरलेलं पाणी शोषून घेतात. जैन गिऱ्हाइकांसाठी आलं, गाजर, पातीचा कांदा आणि मशरूमही वगळावे लागतात. त्यासाठी पडवळ किंवा दुधी किसून, पिळून चालतो.

उकडताना ४० नगांना किमान १० लिटर पाणी. उकळी आली की सोडा, तळाला चिकटू नयेत म्हणून उलथन्याच्या पाठीने ढकला, पुन्हा उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी, असं तीनदा. गार पाण्याने पारी फाटत नाही आणि आतलं सारण शिजायला वेळ मिळतो. ताजी साधारण ६ मिनिटांत, फ्रीझरमधली ८ ते ९. वेळेवर विसंबू नका. दर खेपेला एका नगात थर्मामीटर खुपसा, चिकन ७५ अंशांवर गेलं पाहिजे. फ्रीझरमधली डम्पलिंग कधीही बाहेर काढून वितळवू नका, ओली पारी एकमेकांना चिकटून सगळा ट्रे वाया जातो.

बांबूच्या टोपल्या पावसाळ्यात बुरशी धरतात. रात्री धुऊन कपाटात ठेवायच्या नाहीत. शेवटचा गॅस बंद झाला की गरम शेगडीच्या वरच्या जाळीवर उपड्या ठेवायच्या. आम्ही टोपल्यांचे दोन संच ठेवले आणि आलटून पालटून वापरतो.

नूडल्स

नूडल्सना क्षार लागतो, त्यानेच तो पिवळसर रंग आणि लवचिकपणा येतो. पापडखार वापरून पाहता येतो, पण पुडीगणिक त्याची ताकद बदलते आणि कधी कडवट चव येते. खाण्याचा सोडा ट्रेमध्ये पसरून १२० ते १३० अंशांवर तासभर भाजला तर त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, १०० ग्रॅमचे साधारण ६५ उरतात. हाताला झोंबतो, हातमोजे घाला, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. प्रमाण: १ किलो मैदा, ४०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ८ ते १० ग्रॅम हा क्षार. पीठ रव्यासारखं भुरभुरीत दिसेल, घाबरून पाणी वाढवू नका. तासभर झाकून ठेवलं की मशीनमध्ये एकसंध होतं. २ मिलिमीटर जाडीची पट्टी, ३ मिलिमीटरचा काप, वर कॉर्नफ्लोअर. एका किलोच्या नऊ प्लेट, दर प्लेटला १५० ग्रॅम. शिजायला २ ते ३ मिनिटं. दुसऱ्या दिवशी रंग करडा पडायला लागतो, म्हणून रोज दुपारी लागतील तेवढ्याच करतो.

तीळ-मिरचीच्या नूडल्सना झिणझिणी आणणारी सिचुआनची मिरी आयात करावी लागते. कोकणातलं तिरफळ त्याच कुळातलं, तरी वास वेगळा आहे. माशाच्या आमटीला ते सुंदर, इथे पूर्ण बदली म्हणून चालत नाही. थोडं तिरफळ तेलात मुरवून मिरीच्या जोडीला घातलं तर मात्र चव उठते आणि खर्चही घटतो. आयात केलेल्या बाटल्यांवर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असलेलं लेबल पाहूनच घ्या आणि बिलं जपा, पाहणीत मागतात.

सुरुवात

श्रावण ५ ऑगस्टला लागला आणि त्याच आठवड्यात फक्त व्हेज मेनूवर दार उघडलं. परवाना दोन्हींचा घेतलेला होता. याचा फायदा मोठा: अवघड सारण आधी हातात बसतं, नॉनव्हेजचा शीतसाखळीचा ताण पहिल्या महिन्यात नसतो, आणि गिऱ्हाईकही त्या दिवसांत व्हेजच शोधत असतं. चिकन गणपती विसर्जनानंतर आणलं. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या दिवसांत रस्ते बंद असतात. मैदा, गॅस आणि भाजी त्याआधी भरून ठेवा, आणि गर्दीच्या विक्रीच्या आशेवर मेनू वाढवू नका.

पार्सलला नूडल्स आणि रस्सा वेगळे द्या, नाहीतर दहा मिनिटांत नूडल्स सगळं पाणी पितात. डम्पलिंगच्या डब्याच्या झाकणाला दोन छिद्रं हवीत, बंद वाफेने पारी लगदा होते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताट-वाट्यांना बंदी आहे, उसाच्या चोयट्याचे डबे घ्या. त्यांना आतून कोबीचं एक पान अंथरलं की तळ ओला होत नाही आणि डम्पलिंग चिकटत नाहीत.

परवाना मिळाला त्याच दिवशी नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहा. आमच्या अन्न परवान्याला तेव्हा मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी अर्ज करायचा होता, त्यानंतर दिवसाला १०० रुपये दंड. शेजारी जानेवारी-जुलैचा नमुना 'ब', कामगारांच्या तपासण्या, पाण्याचा अहवाल आणि कीटकनाशक फवारणीचं प्रमाणपत्र, सगळं एकाच तक्त्यावर. हा तक्ता हात धुण्याच्या बेसिनच्या वर लावा, तिथे तो सगळ्यांच्या नजरेत राहतो.